गठाणीला क्यूआर, मजुराला काय?

आमचं मूळ घर अकोल्याच्या जुन्या शहरातलं. त्यामुळे कापसावर चार शब्द बोलायचा हक्क आहे असं मी आपलं समजतो :)

वऱ्हाडचा कापूस परदेशी जाणं काही आजचं नाही. १८६०च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना आमची पऱ्हाटी आठवली. आता तर 'कस्तुरी कॉटन भारत' या २०२२ साली सुरू झालेल्या उपक्रमात रुईच्या गठाणीवर क्यूआर कोड असतो. जिनिंग कोणतं, दर्जा काय, सगळं कळतं. छानच! पण शेतात फवारणी कोणी केली, त्याच्या तोंडावर मास्क होता का, वेचणाऱ्या बाईला किलोमागे काय मिळालं... हे कोण लिहिणार?

विषय साधा नाहीये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्यातल्या दोघांच्या विधवा आणि वाचलेला एक शेतकरी २०२१ मध्ये सिंजेंटा कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडच्या कोर्टात गेले. कंपनीने आरोप नाकारले. औषध बनवणारा निदान ठाऊक तरी होता. कापूस विकत घेणारा ब्रँड कुठे शोधायचा?

ब्रँडवाले म्हणतात, साखळी फार लांब आहे हो, कुठवर बघणार? आपण सॉफ्टवेअरवाल्यांनी तरी हे ऐकून घेऊ नये. डिसेंबर २०२१ मधलं लॉगफोरजे प्रकरण आठवा. लायब्ररीच्या आतल्या लायब्ररीत भोक सापडलं, आणि जगभरच्या टीम शनिवार-रविवार बसून ते शोधत होत्या. स्वतःच्या गळ्याशी आलं की साखळी शेवटपर्यंत दिसते!

जर्मनीत २०२३ पासून पुरवठा साखळीचा कायदा लागू झाला. पण त्यात कंपनीची पक्की जबाबदारी थेट पुरवठादारापुरती. त्यापलीकडे काही चुकतंय अशी ठोस माहिती मिळाली, तरच तिला हात-पाय हलवावे लागतात. म्हणजे "आम्हाला माहीतच नव्हतं" ही पळवाट शाबूत. आमची वेचणारी बाई तर शिलाईवाला, कापडवाला, सूतगिरणी, जिनिंग आणि व्यापारी यांच्याही पलीकडे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: गठाणीच्या नोंदीत मजुरी आणि फवारणीची साधनं हे दोन रकानेही भरायला लावा. आणि ते मालकाच्या नाही, मजुराच्या तोंडून भरले जावेत. तांत्रिकदृष्ट्या हे काही अवघड नाही. एकदा लिहिलं गेलं की मग माहीत नव्हतं असं कोणाला म्हणता येणार नाही.

पटतंय का?