सुरगाठ, निरगाठ

आमच्या बिडकीनला कडा नाही. छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाणाऱ्या सडकेवरचे हे काळ्या मातीचे गाव; खडक पाहायचा तर विहिरीत डोकवावे. तरी या दिवाळीला मी लिहिणार आहे ते कडे चढणाऱ्यांच्या गाठींविषयी. वाचकांनी खुशाल हसावे. पण ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या मोट हाकली, त्याला दोराविषयी चार शब्द बोलण्याचा हक्क आहे. मोटेचा नाडा वेगळा, सोंदूर वेगळा, बैलाचा कासरा वेगळा, गाईचे दावे वेगळे. गाठी मात्र आम्ही दोनच मानीत आलो: ओढली की सुटते ती सुरगाठ, आणि ओढली की आवळते ती निरगाठ. जिवाचे काम असेल तेथे निरगाठ मारावी आणि निश्चिंत असावे, अशी माझी समजूत होती. ही समजूत फार महाग पडली. मला नव्हे, माझ्या काकांना.

१९७२ चा दुष्काळ. विहिरीने तळ दाखवला होता आणि काका गाळ काढायला खाली उतरणार होते. दोर अपुरा पडला. मी तेव्हा अठरा वर्षांचा, म्हणजे सर्व काही येणारा. अंबाडीच्या जाड दोराला मी घायपाताची बारीक दोरी जोडली, ती नेहमीच्याच गाठीने: उजवा पदर डाव्यावर, मग डावा उजव्यावर. पुडके, पोत्याचे तोंड, जखमेची पट्टी, सारे जग याच गाठीने बांधते. काका "सावकाश रे" म्हणत खाली चालले होते. अर्ध्याहून अधिक उतरले असतील, तोच दोर हातात एकदम हलका झाला. तो हलकेपणा माझ्या तळहातांना अजून आठवतो.

खाली चिखल होता म्हणून जीव वाचला. पाय मोडला तो शेवटपर्यंत सरळ झाला नाही. दोर वर ओढून पाहिला तर कोठेही तुटलेला नव्हता. गाठच उकलली होती. घरी काकांनी सांगितले, "दोर कुजका निघाला." मी ते तसेच चालू दिले.

यंदा पुण्याहून नात आली ती दोर घेऊनच. तिला गिर्यारोहणाचा नाद आहे. दिवाळी झाली की खंडाळ्याजवळची नागफणी चढायची आहे. फराळाचे ताट बाजूला सारून तिने माझी परीक्षा घेतली. "आबा, दोन दोर कसे जोडाल?" मी ती जुनीच गाठ मारून दाखवली. तिने एक शेंडा धरून उलट हिसका दिला. गाठ उलटली, एक दोर सरळ झाला आणि दुसऱ्याचे वेढे त्यावरून घरंगळत बाहेर आले. "ही पुडके बांधायची गाठ, आबा. माणूस बांधायची नव्हे. त्यातून एक दोर जाड आणि एक बारीक असला तर विचारूच नका."

क्लिफर्ड ॲश्ली या अमेरिकन गृहस्थाने १९४४ साली गाठींचा एक प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. दोर जोडण्याच्या कामी याच गाठीने सर्वांत अधिक घात केले आहेत, असे त्याचे मत. आमच्या विहिरीपर्यंत ते पोचले नव्हते. नातीने मग कोळ्यांची दुहेरी गाठ दाखवली: प्रत्येक दोराने दुसऱ्याभोवती दोन वेढे घ्यायचे, शेंडा त्यांच्या पोटातून काढायचा आणि दोन्ही गाठी एकमेकींवर ओढून बसवायच्या. ओढाल तितकी ती घट्ट होते.

कमरेच्या पट्ट्याला दोर बांधायचा तो मात्र आठाच्या गाठीने. आधी दोरात मराठी आठाचा नव्हे, इंग्रजी आठाचा आकार करायचा. शेंडा पट्ट्याच्या दोन्ही फाशांतून घालून त्याच वाटेने परत फिरवायचा. मी विचारले, "बैलाच्या गळ्यात घालतो ती न आवळणारी गाठ का नको?" तिला ते लोक बोलाइन म्हणतात. ती वाईट नव्हे. झटका बसल्यावरही सहज सुटते. पण दोर सैल असला की ती हळूहळू ढिली होते, आणि मुख्य म्हणजे चुकलेली असली तर पाहणाऱ्याला चटकन कळत नाही. आठाची गाठ लांबूनही वाचता येते: पाच ठिकाणी दोन-दोन पदर शेजारी शेजारी, कोठेही एकावर एक चढलेले नाहीत, आणि शेपूट मूठभर तरी बाहेर. कोणतीही गाठ मारली की दोराची ताकद घटतेच, कारण वळणावर बाहेरच्या तंतूंवर जास्त ओढ येते. आठाच्या गाठीने सुमारे पाव हिस्सा जातो. चांगल्या दोरात तेवढी शिल्लक असते. अर्धवट गाठीत मात्र काहीच नसते.

लिन हिल ही अमेरिकेची नामांकित गिर्यारोहक. १९८९ साली फ्रान्समध्ये ब्यूच्या कड्यावर तिने दोर पट्ट्यातून ओवला, मध्येच दुसरीकडे लक्ष गेले आणि गाठ पुरी करायची राहिली. कडा चढून वर गेली, उतरण्यासाठी दोरावर भार टाकला आणि सत्तर फुटांवरून खाली आली. झाडाच्या फांद्यांनी वाचवले. म्हणून आता चढणारे दोघे एकमेकांची गाठ पाहिल्याशिवाय जमीन सोडत नाहीत. जगज्जेतीही त्याला अपवाद नाही, मग अठरा वर्षांच्या शहाण्याची काय कथा!

"पण तुम्ही गाठ जोडली होती कधी, कुणाला उतरवायला?" नातीने सहज विचारले. मी सांगितले. दोर कुजका नव्हता, हेही सांगितले. ती काही बोलली नाही. आत जाऊन पट्टा घेऊन आली, अंगावर चढवला, दोर बांधला आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"बघा."

मी चष्मा लावून मोजले. पाचही ठिकाणी पदर जोडीने होते. शेपूट दोन बोटे भरले. मी म्हटले, "आखूड आहे. सोड." तिने सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून बांधली.