जुलाबात पाणी का द्यायचे?

परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या भगिनींनो, पचनसंस्थेचा धडा तुम्हाला पहिल्याच वर्षी येतो. आकृती काढायची, नावे द्यायची, विकरांचा तक्ता पाठ करायचा आणि परीक्षा झाली की विसरायचे, असे पुष्कळदा होते. पण हा धडा नीट समजला तर एखाद्या घरचे तान्हे मूल वाचते. म्हणून आयाबहिणींनीही हा मजकूर वाचावा. मूल आजारी पडले की त्याची पहिली परिचारिका आईच असते.

आधी अन्नाचा प्रवास पाहू. तोंडात घास चावताना त्यात लाळ मिसळते. लाळेतील विकर भाकरीतल्या पिठूळ पदार्थाचे साखरेत रूपांतर सुरू करते. जठरात तीव्र आम्ल आणि पेप्सिन असते. तेथे डाळ, अंडी, मांस यांतील प्रथिने फुटू लागतात. पुढे लहान आतडे लागते. त्याची लांबी सुमारे 6 मीटर. यकृताचे पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येथेच येऊन मिळतात. पित्तामुळे तेला-तुपाचे बारीक थेंब होतात व स्वादुपिंडाच्या रसातील विकरे बाकीचे काम पुरे करतात. आतड्याच्या आतल्या बाजूस बोटासारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. पचलेले अन्न त्यांच्यावाटे रक्तात शिरते.

आता पाण्याचा हिशेब करा. प्रौढ माणूस दिवसाला खाण्यापिण्यातून सुमारे 2 लिटर पाणी घेतो. लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून शरीर स्वतः आणखी सुमारे 7 लिटर आतड्यात ओतते. म्हणजे एकूण 9 लिटर. त्यातले बहुतेक पाणी लहान आतडे परत शोषते, उरलेले मोठे आतडे. शौचावाटे जेमतेम 100 ते 200 मिलिलिटर बाहेर जाते. जुलाबात हा हिशेब बिघडतो. शरीरातले पाणी आणि मीठ वाहून जाते. मूल दगावते ते बहुधा या शोषामुळे. म्हणूनच "पाणी पाजू नका, जुलाब वाढेल" हा सल्ला घातक आहे.

मग नुसते पाणी द्यावे का? येथे शरीराची एक खुबी कामी येते. आतड्याच्या पेशी ग्लुकोज आणि मिठातील सोडियम जोडीने आत घेतात, आणि त्यांच्यामागे पाणी जाते. पटकीच्या रोग्यातही ही वाट शाबूत राहते. 1971 साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खायचा सोडा पाण्यात कालवून रोग्यांना पाजले. रोग्यांचे नातेवाईकच ते पाजत होते. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आले. डॉ. महालनबीस 2022 साली वारले. 2023 साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

आता कृती. ओ.आर.एस.ची पुडी मिळाली तर तीच वापरावी. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती सगळी एकदम घालावी. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात सपाट 6 चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवावे. अंदाजाने मूठभर घालू नये. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. तयार पाणी झाकून ठेवावे आणि 24 तासांनंतर ओतून द्यावे.

दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर, मोठ्या मुलाला 100 ते 200 मिलिलिटर पाणी चमच्याने किंवा वाटीने द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू पाजावे. अंगावरचे दूध बंद करू नये, मऊ भात, पेज, वरण चालू ठेवावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्याही 14 दिवस द्याव्यात.

मूल मलूल पडले, पिऊ शकत नसले, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसत असली, लघवी बंद झाली किंवा शौचातून रक्त पडत असले, तर घरी वेळ घालवू नका. ताबडतोब दवाखाना गाठा, आणि वाटेतही पाणी पाजत राहा. तेथे सलाईनची गरज आहे की नाही ते डॉक्टर ठरवतील. मात्र साध्या जुलाबात, मूल पीत असताना, सुई लावलीच पाहिजे असा हट्ट धरू नका. त्यात पैसा जातो आणि पोराला विनाकारण त्रास होतो.

भगिनींनो, सुट्टीत घरी जाल तेव्हा शेजारच्या चार आयांना हे पाणी स्वतः करून दाखवा. नुसते सांगून चमच्याचे माप ध्यानात राहत नाही.