चौक सजतो, पण कुणाला विचारून?

कोल्हापूरकरांना न विचारता चौकात पुतळा बसवला तर काय होतं, ते लेस्ली विल्सन या गव्हर्नरच्या पुतळ्याच्या नशिबी आलं. १९४२ च्या आंदोलनात दोन महिलांनी तो विद्रूप केला आणि पुढे क्रांतिकारकांनी फोडूनच टाकला. त्याच जागी १९४५ मध्ये भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने शिवछत्रपती उभे राहिले. पुतळा घडवला बाबूराव पेंटरांनी.

हल्ली चौकांचं ‘सुशोभीकरण’ होतं. निविदा निघते, भोवती पत्रे लागतात आणि पत्रे हटले की आतून फायबरचं रंगवलेलं काहीतरी बाहेर पडतं. नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिका सभागृहाची मुदत संपल्यावर पुढची पाच वर्षं तर जाब विचारायला नगरसेवकही नव्हता. खरी कॉर्नरला चक्क कॅमेऱ्याचं स्मारक करणाऱ्या गावाची ही गत!

मग सगळं लोकांना विचारून करावं का? बिंदू चौक आठवला की आम्ही थबकतो. ९ डिसेंबर १९५० रोजी माधवराव बागलांच्या पुढाकाराने तिथे महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे बसले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. त्या वेळी घरोघरी मतं मागितली असती, तर बहुमत मिळालं असतं का? आम्हाला दाट शंका आहे. म्हणून कुणाचं स्मारक करायचं, याची मतमोजणी नको. शिल्पकाराच्या मातीत दहा जणांनी हातही घालू नयेत. पण चबुतरा किती उंच असावा, वळणावर केएमटी बसच्या चालकाला पलीकडचं दिसेल का, पावसाचं पाणी कुठे जाईल, भाजीवाल्या मावशी कुठे बसतील, तालमीच्या मिरवणुकीला वाट राहील का, हे पेठेइतकं कुणाला कळतं?

पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. तोच नमुना, आणि पुतळा नसेल तिथे साधं रेखाचित्र, कार्यादेशाआधी पंधरा दिवस त्याच चौकात मांडावं. शेजारी खर्चाचा आकडा आणि पुढे धूळ कोण पुसणार त्याचं नाव लिहावं. एवढीच आमची मागणी आहे.

वाचकहो, तुमच्या चौकात काय हवं आणि काय मुळीच नको, ते चार ओळींत आम्हाला कळवा. पत्रं महापालिकेत आम्ही स्वतः नेऊन देऊ.