यंत्राआधी गिऱ्हाईक



गेल्या काही महिन्यांत जिल्ह्यातल्या ज्या गटाच्या बैठकीला आम्ही गेलो, तिथे एकच बाड पुढे आले: कांदा पावडरीच्या कारखान्याचा प्रकल्प अहवाल. वरच्या पानावर गटाचे नाव बदलते, आतली पाने तीच. यंत्राची किंमत, शेडची किंमत, कर्ज, अनुदान आणि शेवटी तिसऱ्या वर्षी होणारा नफा. पावडर कोण घेणार याला मात्र दोन-तीन ओळी, आणि त्यात 'देशात व परदेशात मोठी मागणी आहे' एवढेच. येत्या जिल्हा बैठकीत या कारखान्यांसाठी भागभांडवल गोळा करायचे की नाही, हा विषय आहे. भागभांडवल म्हणजे कोणाच्या तरी उन्हाळ कांद्याचे पैसे, कोणाच्या घरातले डोरले. म्हणून आमचे मत बैठकीआधीच मांडतो.

प्रक्रियेला आमचा विरोध नाही. शरद जोशींनी १९९१ साली शेगावला चतुरंग शेती मांडली, तेव्हा सीताशेती, व्यापारशेती आणि निर्यातशेती यांच्या जोडीला माजघरशेती ठेवली होती. शेतातला माल घरच्या घरी निवडून, वाळवून, दळून, बांधून विकायचा. आता वाळवणे-दळणे लक्षात राहिले आणि विकणे विसरले गेले.

कृषी महाविद्यालयात आम्हाला पणनाचा एक धडा होता. मालाचे प्रकार असा त्याचा मथळा, आणि परीक्षेपुरता तो सगळ्यांनी पाठ केला. काही माल गिऱ्हाईक हाताशी येईल तिथून उचलतो: मीठ, काडेपेटी. काही माल चार दुकाने फिरून पारखून घेतो: कापड, भांडी. काही माल नावाने मागतो, तो नसेल तर परत जातो. आणि काही माल कारखान्याला कच्चा माल म्हणून जातो, तिथे फक्त प्रत आणि दर पाहिला जातो. आपला कांदा यात कुठे बसतो? मुंबईची गृहिणी तो पहिल्या प्रकारात घेते. कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, कधी काढलेला, हे ती विचारत नाही, कारण तिला तसे विचारायची सोय कोणी केलेलीच नाही. लासलगावच्या कांद्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते प्रमाणपत्र भिंतीवर आहे, गोणीवर नाही.

पण प्रकार पाडले जात नाहीत असे नाही. लिलावात ट्रॉलीला एक भाव पुकारला जातो. ती ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामी होते आणि निवडणाऱ्या बाया कामाला लागतात. जोड निघतो, डेंगळा निघतो, गोल्टी वेगळी, खाद वेगळी, एकसारखा गोल माल वेगळा. कोणता माल आखातात जाणार, कोणता दक्षिणेत, कोणता हॉटेलला, हे तिथे ठरते. आपल्या एका वक्कलातून चार माल तयार होतात आणि चार भावांनी विकले जातात. नवा माल काढणे म्हणतात ते हेच, आणि त्याला लागले काय? ताडपत्री, चाळणी, मजुरी आणि पलीकडून आलेला फोन. चौघांपैकी महाग वस्तू फोनच. व्यापाऱ्याला शिव्या देऊन तो फोन आपल्याकडे येणार नाही.

आपल्याच जिल्ह्यात द्राक्षवाल्यांनी हे करून दाखवले आहे. बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी १९९१ साली पणन मंडळाच्या साथीने महाग्रेप्स उभी केली. सुरुवातीचा माल युरोपात नाकारला गेला. मग गिऱ्हाइकाला काय हवे ते शिकून घेतले: मण्याचा आकार १६-१८ मिलिमीटर, घडाची विरळणी, तोडणीनंतर लवकर पूर्वशीतकरण, पेटीत सल्फर डायऑक्साईडचा कागद. वाणही शेतकऱ्यांनीच निवडले. तास-ए-गणेश तासगावकडच्या बागेत सापडला, सोनाका नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवडला. २०१० साली क्लोरमेक्वॅट क्लोराईडच्या अंशावरून युरोपने माल अडवला, तेव्हा अनेकांचे कंबरडे मोडले. त्याच काळात मोहाडीची सह्याद्री उभी राहिली आणि पुढे तिने परवाना घेऊन अॅरा जाती आणल्या. दर वेळी गिऱ्हाईक आधी बोलले आणि बाग मागून बदलली.

उलटे झाले की काय होते, तेही याच जिल्ह्यात दिसले. राज्याचे वाईन धोरण २००१ साली आले. गंगापूरकडे, विंचूरला वाईनरी उभ्या राहिल्या आणि शेतकऱ्यांनी वाईनच्या जाती लावल्या. बारीक मणी, जाड साल, आत बिया. असे द्राक्ष खाण्यासाठी कोणी घेत नाही, म्हणजे त्याला एकच गिऱ्हाईक. २००८ च्या मंदीनंतर खप बसला, वाईनरींनी माल उचलला नाही आणि बागांवर कुऱ्हाड चालवावी लागली. ज्यांच्याकडे बाटली, नाव आणि दुकानापर्यंतची वाट होती ते टिकले. ज्यांच्याकडे फक्त नवा माल होता ते गेले.

आणखी एक उदाहरण लासलगावातच उभे आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण केंद्र २००२ साली तिथे सुरू झाले. कांद्याला कोंब फुटू नयेत हा हेतू. शास्त्र पक्के होते, कोंब थांबतही होते. पण सड आणि वजनातली घट त्याने थांबत नाही, आणि विकिरण केलेल्या कांद्याला लिलावात एक रुपयाही जास्त मिळत नव्हता, मग वाहतुकीचा खर्च कोण करणार? कांदा फारसा गेला नाही. २००७ साली मात्र अमेरिकेने विकिरण केलेला भारतीय आंबा घेण्याचे कबूल केले आणि त्याच केंद्रातून हापूसच्या पेट्या निघाल्या. यंत्र तेच होते. कांद्याच्या गिऱ्हाइकाने विकिरण मागितले नव्हते, आंब्याच्या गिऱ्हाइकाने त्याची अटच घातली होती.

आता पावडरीकडे येऊ. पावडरीला पाणी नको, घनपदार्थ हवा. आपला लाल आणि उन्हाळ कांदा विद्राव्य घनपदार्थात साधारण १० ते १३ टक्के भरतो. पावडरीचे कारखाने १५ टक्क्यांच्या वरचा पांढरा कांदा शोधतात. गुजरातेत महुव्याचे कारखाने पांढऱ्या कांद्याच्या पट्ट्यातच आहेत, आणि जळगावच्या जैनांनी पांढऱ्या कांद्याची करारशेती मुद्दाम उभी केली. ढोबळ हिशेब करू. १ क्विंटल कांद्यातून साल, मूळ, माथा यांची १५ किलो घट धरली तर उरले ८५ किलो. ११ टक्क्यांच्या कांद्याची त्यातून जेमतेम १० किलो पावडर होते, १८ टक्क्यांच्या कांद्याची १६ किलो. कांदा २,००० रुपये क्विंटल धरला तर लाल कांद्याच्या एक किलो पावडरीत कच्चा मालच २०० रुपयांचा पडतो, पांढऱ्याच्या पावडरीत १२५ चा. शिवाय लाल कांद्यातून किलोमागे दीडपटीहून जास्त पाणी उडवावे लागते, त्याचे जळण वेगळे. एवढे करून रंग मळकट, आणि बाहेरचे गिऱ्हाईक पांढरी पुडी मागते. चाळीतला उरलासुरला कांदा जिरवायला कारखाना, ही कल्पना म्हणून आम्हाला पटत नाही. पावडर करायची तर पावडरीचा कांदा लावावा लागेल, त्याचे बी, त्याचा हंगाम, त्याचा करार यांसह.

काही मित्र म्हणतात, निर्यातबंदी आली तरी पावडरीला लागत नाही. हे खरे आहे. २०२० च्या बंदीतून कापलेला आणि पावडर केलेला कांदा वगळला होता. पण बंदीने काय होते ते पाहा. कांद्याचा भाव पडतो आणि कारखान्याला कच्चा माल स्वस्त मिळतो. शेतकऱ्याचा माल मातीमोल, कारखानदाराला बाजार मोकळा: ही वाटणी आपण फार वर्षे ओळखतो. गटाचा कारखाना असला तरी त्यात सभासदांचा कितीसा कांदा जाणार? बाकीचा सगळा पडत्या भावातच विकावा लागेल.

नवा माल रुजायला वर्षे लागतात, अधिसूचना एका रात्रीत निघते. सप्टेंबर २०१९ मध्ये बंदी, सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी, ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क, डिसेंबर २०२३ मध्ये परत बंदी. ती मे २०२४ मध्ये उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण गेले ते १ एप्रिल २०२५ ला. दुबईच्या व्यापाऱ्याने कोणत्या भरवशावर आपल्या गोणीचे नाव लक्षात ठेवावे? न्यूझीलंडच्या बागायतदारांचे फळ एके काळी 'चिनी गूजबेरी' या नावाने विकले जाई. १९५९ साली निर्यातदारांनी त्याला किवी म्हटले, आणि १९९७ पासून त्याच बागायतदारांच्या मालकीच्या कंपनीचे झेस्प्री हे नाव जगभर पेट्यांवर आहे. त्यांच्या सरकारने मध्येच पाच वेळा बंदर बंद केले असते, तर हे नाव आज कोणाला माहीत नसते.

तेव्हा बैठकीत आम्ही असे मांडणार आहोत: कारखान्यासाठी भागभांडवल आत्ता गोळा करू नये. प्रत्येक तालुक्यात एका गटाने या उन्हाळ्यात २० ट्रॉल्या स्वतःच्या खळ्यावर निवडाव्यात आणि चार प्रती चार ठिकाणी विकून त्यांचा हिशेब लिहावा. दुसऱ्या एखाद्या गटाने नाशिकच्या हॉटेलांना आणि खानावळींना सोललेला कांदा देऊन पाहावा. रोज ५० किलोपासून सुरुवात करता येईल. त्याला सुऱ्या, टेबल, स्वच्छ पाणी आणि थंड खोली पुरते, आणि घरच्या बायांना बांधावरच्या रोजापेक्षा बरा रोज सुटतो का, तेही कळेल. ज्या खानावळीने तिसऱ्यांदा आपणहून मागणी केली ती गिऱ्हाईक धरावी. पहिल्या दोन खेपा ओळखीच्या असतात. ज्यांना पावडरच करायची आहे त्यांनी पाच एकरांवर पांढऱ्या कांद्याची चाचणी घ्यावी आणि खरेदीदाराचे लेखी पत्र आणावे. आणि निर्यात रोखायचीच असेल तर रोखलेल्या दिवसांची भरपाई सरकारने शेतकऱ्याला द्यावी, हा ठराव त्याच बैठकीत घ्यावा.

बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या चाळीतले चार-पाच कांदे पिशवीत आणावेत, जात आणि काढणीची तारीख चिठ्ठीवर लिहून. रिफ्रॅक्टोमीटर आम्ही घेऊन येतो.