आठवड्यातले किती दिवस जिम?

सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक, बुधवारी शोल्डर, गुरुवारी बायसेप्स-ट्रायसेप्स, शुक्रवारी लेग्ज, शनिवारी अ‍ॅब्ज आणि कार्डिओ. जिम लावली की पहिल्याच आठवड्यात हातात पडणारं हे टाइमटेबल तुम्हालाही पाठ असेल. सोमवारी संध्याकाळी बेंच प्रेससमोर रांग का लागते, याचं उत्तरही त्यातच आहे. सगळ्यांचाच चेस्ट डे सोमवारी!

या टाइमटेबलमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे बॉडी बनवायची तर आठवड्याचे सहा दिवस जिमला यायलाच हवं. कॉलेज, क्लास, नोकरी, लोकलचा किंवा एसटीचा प्रवास हे सगळं सांभाळून सहा दिवस कितीजणांना जमतं? पहिला महिना जोरात जातो. दुसऱ्या महिन्यात आठवड्याला दोन खाडे होतात. मग ‘आपल्याच्यानं होणार नाही’ असं वाटायला लागतं आणि वर्षाची फी भरलेली असूनही जिम सुटते. मध्येच सबमिशन किंवा नाइट शिफ्ट आली, तर हा प्रवास आणखी लवकर संपतो.

एकीकडे गल्लोगल्ली जिम उघडताहेत. दुसरीकडे ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल गरजेपेक्षा कमी होती. अशा वेळी व्यायाम सुरू केलेला एखादा मुलगा किंवा मुलगी केवळ चुकीच्या हिशेबामुळे तो सोडत असेल, तर तो हिशेब तपासायला हवा. स्नायू वाढवण्यासाठी वजन नेमकं किती वेळा उचलायचं?

अभ्यास काय सांगतात?

या प्रश्नावर गेल्या दहा-बारा वर्षांत बरंच काम झालंय. अमेरिकेतले संशोधक ब्रॅड शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दहा अभ्यास एकत्र करून पाहिले. एखाद्या स्नायूला आठवड्यातून एकदा व्यायाम देण्यापेक्षा दोनदा दिला तर तो जास्त वाढतो, असं त्यात दिसलं. २०१९ मध्ये त्यांनी २५ अभ्यास घेतले आणि चित्र आणखी स्पष्ट झालं. आठवड्याभरातलं एकूण काम सारखं असेल, तर ते किती दिवसांत वाटलंय यानं फारसा फरक पडत नाही.

एकूण काम म्हणजे काय, तर एका स्नायूसाठी आठवड्यात केलेले मनापासूनचे सेट्स. ‘मनापासूनचे’ म्हणजे सेट संपताना आणखी एक-दोन रेप्सच निघाल्या असत्या, इतपत जड. २०१७ मधल्या विश्लेषणात पाचपेक्षा कमी, पाच ते नऊ आणि दहा किंवा जास्त असे गट पाडले होते. आठवड्याला दहा किंवा जास्त सेट्स करणाऱ्यांचे स्नायू जास्त वाढले होते. कमी सेट्सनीही वाढ होतेच, फक्त कमी होते.

आता याचा अर्थ बघा. छातीसाठी आठवड्याला दहा सेट्स करायचेत. ते सगळे सोमवारी उरकता येतील किंवा पाच सोमवारी आणि पाच गुरुवारी करता येतील. हिशेब दोन्हीकडे दहाच. पण एकाच दिवशी दहा-पंधरा सेट्स करताना शेवटच्या सेट्सना हात थरथरायला लागतात, वजन कमी करावं लागतं आणि बऱ्याचदा ते सेट्स नुसते मोजण्यापुरते होतात. विभागून केले तर प्रत्येक सेट ताज्या अंगानं होतो.

यामागे शरीराचं कामकाजही आहे. जड व्यायामानंतर स्नायूत नवं प्रोटीन तयार होण्याचा वेग वाढतो. कॅनडातल्या संशोधकांनी १९९५ मध्ये सहा तरुणांच्या बायसेप्समध्ये हे मोजलं. २४ तासांनी तो वेग दुपटीच्या वर होता आणि ३६ तासांपर्यंत जवळपास पूर्वपदावर आला होता. इतर अभ्यासांत हा परिणाम ४८ तासांपर्यंतही दिसलाय. म्हणजे सोमवारी केलेल्या व्यायामाचं ‘बांधकाम’ साधारण बुधवारपर्यंत संपतं. पुढच्या सोमवारपर्यंत त्या स्नायूला नवं काम मिळणारच नसेल, तर मधले दिवस तसेच जातात. आणि रोज त्याच स्नायूला झोडपलं, तर दुरुस्तीला वेळच मिळत नाही.

थोडक्यात, प्रत्येक स्नायूला आठवड्यातून दोनदा काम मिळालं की पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा, असंच म्हटलंय. तो सल्ला एकूण आरोग्यासाठी आहे, पण बॉडी बनवायची सुरुवातही तिथूनच होते.

मग सहा दिवस आले कुठून?

बॉडीबिल्डिंगच्या चॅम्पियन्सकडून. अरनॉल्ड श्वार्झनेगर त्याच्या भरात आठवड्याचे सहा दिवस, अनेकदा दिवसातून दोन वेळा व्यायाम करायचा. तो सात वेळा ‘मिस्टर ऑलिम्पिया’ झाला. पण त्याच स्पर्धेत १९९२ ते १९९७ अशी सलग सहा वर्षं जिंकणारा इंग्लंडचा डोरियन येट्स आठवड्याचे चारच दिवस वजन उचलायचा. दिवसांच्या संख्येवरून चॅम्पियन ठरत असता, तर दोघांपैकी एकच जिंकला असता.

दोघांमध्ये आणखी एक साम्य आहे. आपण स्टेरॉइड्स घेतली होती हे दोघांनीही पुढे उघडपणे सांगितलं. ही बाब बाजूला ठेवून त्यांचं टाइमटेबल उचलणं धोक्याचं ठरतं. अमेरिकेत १९९६ मध्ये ४३ पुरुषांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दहा आठवडे काहींना टेस्टोस्टेरॉनची मोठी मात्रा दिली, काहींना नुसतं दिखाव्याचं इंजेक्शन. ज्यांनी औषध न घेता व्यायाम केला, त्यांचं चरबी सोडून उरलेलं वजन साधारण दोन किलोंनी वाढलं. आणि ज्यांनी व्यायाम न करता नुसतं औषध घेतलं, त्यांचं तीन किलोंहून जास्त! रीलमधली बॉडी पाहून त्यामागचं टाइमटेबल चांगलं की वाईट हे का ठरवता येत नाही, ते यावरून लक्षात येईल.

सहा दिवसांचं टाइमटेबल टिकून राहण्याची कारणं साधीसुधीही आहेत. ते लक्षात ठेवायला सोपं आहे, ट्रेनरला एकाच वेळी वीसजणांना सांगता येतं. आणि ‘रोज जिमला जातो’ हे सांगायला भारी वाटतं.

खरा धोका पुढे आहे

चुकीच्या अपेक्षेची किंमत नुसत्या बुडालेल्या फीपुरती राहत नाही. सहा दिवस घाम गाळूनही तीन महिन्यांत ‘फरक’ दिसला नाही की जिममधलाच कुणीतरी कानात सांगतो, ‘भाऊ, नुसत्या डाळ-भातावर काही होत नाही.’ तिथून आधी डबा येतो, मग इंजेक्शन.

पुण्यात आणि राज्यातल्या इतर शहरांत मेफेन्टरमाईन सल्फेटची इंजेक्शनं जिमला जाणाऱ्या मुलांना विकणाऱ्यांना पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वारंवार आल्या आहेत. हे औषध ऑपरेशनच्या वेळी भुलीमुळे घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी आहे. ते स्नायू वाढवत नाही. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवून फक्त थकवा जाणवू देत नाही. म्हणजे शरीर ‘थांब’ म्हणत असताना तो आवाज बंद करायचा. त्याची सवय लागते आणि त्याचा ताण हृदयावर पडतो. आठवड्याला तीन दिवस पुरतात हे ज्याला माहीत आहे, त्याला थकवा मारायचं औषध लागेलच कशाला?

डब्यांचीही गोष्ट फार वेगळी नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे ७० टक्के डब्यांमध्ये लेबलवरचा प्रोटीनचा आकडा आणि आतला आकडा जुळत नव्हता. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं आपल्या आहारविषयक सूचनांमध्ये अशी सप्लिमेंट्स टाळायला सांगितलं.

‘पण तालमीत तर रोज...’

हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. कोल्हापूरच्या तालमीत पैलवान रोज जोर-बैठका मारतात, त्यांचं काय? पैलवानाचं ध्येय कुस्ती असतं. डाव, दम आणि चपळाई रोजच्या सरावानंच येते. शिवाय त्याचा दिवसच त्याभोवती बांधलेला असतो. पहाटे मेहनत, मग खुराक, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा मेहनत. आपण त्यातली मेहनत तेवढी उचलतो. खुराक हॉस्टेलच्या मेसवर सोडतो आणि झोप मोबाइलला देतो. तालमीकडून काही घ्यायचंच असेल, तर खाणं आणि झोप हा व्यायामाचाच भाग आहे, हे घ्या.

तुमचा आठवडा असा लावा

सुरुवात करत असाल किंवा वेळ कमी असेल, तर एक दिवसाआड तीन दिवस घ्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार. प्रत्येक दिवशी सगळं शरीर. एक स्क्वॉटसारखा पायांचा प्रकार, एक मांडीच्या मागच्या बाजूचा, एक ढकलायचा, एक ओढायचा आणि एक खांद्याचा. प्रत्येकाचे तीन सेट्स. मधली विश्रांती धरून पाऊण-एक तासात होतं. आठवड्याला प्रत्येक मोठ्या स्नायूचे नऊ सेट्स सहज भरतात. पहिले काही आठवडे दोन-दोन सेट्सही पुरेत.

चार दिवस मिळत असतील तर दोन दिवस कंबरेच्या वरचं, दोन दिवस खालचं. सहा दिवस जायला आवडतंच, तर जरूर जा. फक्त त्या सहा दिवसांत प्रत्येक स्नायूची पाळी दोनदा येतेय ना, हे बघा.

दिवस कितीही असोत, वजन किंवा रेप्स हळूहळू वाढायला हव्यात. वहीत किंवा मोबाइलमध्ये आकडे लिहा. तीन महिने तेच डंबेल आणि तेवढ्याच रेप्स असतील, तर रोज जाऊनही काही बदलणार नाही.

प्रोटीनचा आकडाही लक्षात ठेवा. ४९ अभ्यासांचं २०१८ मधलं विश्लेषण सांगतं, की वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे सरासरी फायदा वाढत नाही. ६० किलोंच्या व्यक्तीला हे ९६ ग्रॅम होतात. अंडी, दूध, डाळी, उसळी, शेंगदाणे, सोया चंक्स, पनीर, चिकन, मासे यांतून ते हळूहळू गाठता येतं. किडनीचा किंवा दुसरा काही त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला. आणि एकदम जास्त व्यायाम केल्यावर लघवीचा रंग चहासारखा गडद झाला, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

सेमिस्टर, एमपीएससी किंवा ऑफिसची डेडलाइन आली तर? २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, १६ आठवडे आठवड्याला तीनदा व्यायाम केलेल्या तरुणांनी पुढे ३२ आठवडे आठवड्यातून एकच दिवस व्यायाम केला. त्यांचे कमावलेले स्नायू टिकले. तेव्हा परीक्षेच्या महिन्यात रविवारचा एक तास काढा. त्यासाठी जिम सोडायची गरज नाही.

पुढच्या वेळी ट्रेनर सहा दिवसांचं टाइमटेबल देईल, तेव्हा त्याला एवढंच विचारा, ‘सर, यात प्रत्येक स्नायू आठवड्यातून किती वेळा येतो?’ आणि मग स्वतःला विचारा, यातलं किती मला पुढच्या वर्षीही याच महिन्यात जमेल? जेवढे दिवस जमतील, तेवढेच घ्या. ते तीन असतील तर तीनच, पण वर्षभर.