कुणीच न छेडलेला गंधार



तुमच्या मोबाईलमध्ये तानपुऱ्याचं ॲप असेल तर ते लावा आणि मग पुढे वाचा. शक्य असेल तर इअरफोन घाला. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरला खालचे सूर पेलवत नाहीत, त्यामुळे खर्जाची तार नुसती खरखरते. ॲप नसेल तरी हरकत नाही, वाचता वाचता कळेलच मला काय म्हणायचंय ते.

मी इंदूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. गाणं शिकते ते स्वतःसाठी, संध्याकाळी, एका ताईंकडे. शाळेत याचा कुणाला पत्ता नव्हता आणि तो लागावा असं मलाही वाटत नव्हतं. एकदा का बाईंना गाता येतं हे कळलं, की स्नेहसंमेलनापासून निरोप समारंभापर्यंत सगळं आपल्या गळ्यात पडतं, हे माझ्या शिक्षक वाचकांना वेगळं सांगायला नको.

पण यंदा आठवीच्या वर्गात एक मुलगी आली. रोज सकाळी प्रार्थनेला ती पहिल्या रांगेत उभी असते. ओठ हलतात, आवाज येत नाही. आधी मला वाटलं लाजत असेल. एकदा सहज विचारलं, तर म्हणाली, "मॅम, मुझे बोला है, सिर्फ होंठ हिलाना." कुणी सांगितलं, ते जाऊ द्या. तिचा आवाज जाडा आहे, बाकीच्या मुलींच्या पट्टीला तो पोचत नाही, मध्येच फाटतो आणि मग सगळे हसतात. तिने चौथीपासून प्रार्थना म्हटलेली नाही. तिच्या सांगण्यात तक्रार नव्हती. आपला रोल नंबर सांगावा तसं सांगितलं तिने.

हे डोक्यात घोळत असतानाच दिवाळीच्या सुट्टीत सांगलीला मावसबहिणीचं लग्न निघालं. इंदूर ते पुणे रात्रीची बस, पुढे रेल्वे. लग्न आटोपल्यावर एक दिवस हातात होता, म्हणून मिरजेला गेले. सतारमेकर गल्ली बघायची फार वर्षांची इच्छा होती.

मिरजेबद्दल थोडं सांगते. दीडशेहून अधिक वर्षं या गावात तानपुरे आणि सतारी बनताहेत. मूळची ही शिकलगार मंडळी, म्हणजे हत्यारांना धार लावणारी. तलवारींचे दिवस संपले आणि त्याच हातांनी वाद्यं घडवायला घेतली. (हा बदल मला आपल्या इतिहासातल्या कितीतरी लढायांपेक्षा मोठा वाटतो, पण पुस्तकात त्यावर एक ओळ सापडायची नाही.) 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. हा आपला भाजीचा भोपळा नव्हे. हा कडू, जाड सालीचा, मुद्दाम वाद्यासाठी पिकवलेला. तो महिनोन्‌महिने वाळवायचा, मग कापायचा, भिजवून हवा तसा आकार द्यायचा. त्यावर तुणाच्या लाकडाचा दांडा. कोरीव काम, रंग, पॉलिश सगळं हातानं.

एका दुकानात वयस्कर चाचा जवारी काढत बसले होते. मी तासभर तिथून हलले नाही. जवारी म्हणजे काय, तर तारा ज्या घोडीवरून जातात तिचा पृष्ठभाग घासून घासून किंचित गोलसर करायचा. तार छेडली की ती त्या उतारावर हलकेच घासत कंप पावते आणि सुरातून सुरांचा झरा सुटतो. वर तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा. तो केसभर पुढे-मागे सरकवला की आवाज मिटतो किंवा उमलतो. चाचा दोनदा कानस फिरवायचे, तार छेडायचे, मान हलवायचे, पुन्हा कानस. मध्येच त्यांनी नातवाला पंखा बंद करायला लावला. पंख्याच्या घरघरीत कळत नाही म्हणाले. उकाड्यात घाम पुसत आम्ही तिघं ऐकत होतो.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ याच गावात स्थिरावले होते. वाद्यं दुरुस्त करण्यात त्यांचाही हात बसलेला होता असं सांगतात. 1937 साली पाँडिचेरीला जाताना गाडीत त्यांना बरं वाटेना, म्हणून ते वाटेतल्या सिंगपेरुमल कोईल नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरले आणि तिथेच गेले. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे. उरुसात दरवर्षी गायक-वादक तिथे हजेरी लावतात. मी गेले तेव्हा दुपार होती, आवारात दोन म्हातारे आणि एक शेळी. गाणं नव्हतं, पण बसावंसं वाटलं.

परत आल्यावर आठवीला ध्वनीचा धडा सुरू झाला. कंपन, वारंवारता, आयाम. दरवर्षी मी स्टीलच्या पट्टीने टेबलावर टर्रर्र करून दाखवते, मुलं खूश होतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. या वेळी ताईंचा तानपुरा मागून आणला. रिक्षात तो मांडीवर घेऊन बसले होते, तान्हं मूल नेतात तसा.

वर्गात आधी नुसता वाजवला. पंचम, दोन जोडाच्या तारा, शेवटी खर्ज. मग विचारलं, किती सूर ऐकू येतात? "दो, मॅम." बरोबर, सा आणि प, दोनच सूर लावलेत. पण तार नुसती अख्खी हलत नाही. ती एकाच वेळी अर्धी-अर्धी हलते, तीन भागांत हलते, चार भागांत, पाच भागांत. अर्ध्यातून वरचा सा येतो, तिसऱ्यातून पंचम आणि पाचव्यातून गंधार, खर्जापासून दोन सप्तकं वर. तो गंधार कुठल्याच तारेवर लावलेला नाही, कुणी छेडत नाही, तरी असतो. पेटीतला गंधार त्याच्यापेक्षा किंचित चढा असतो. पेटीच्या सुरांबद्दल जाणकार नाक मुरडतात ते अशाच फरकांमुळे. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर चक्क बंदी घातली होती. मला विचाराल तर ते जरा अतीच झालं होतं, पेटीने गावोगावी गाणं पोचवलंय.

मग डोळे मिटायला सांगितले. पाच मिनिटं. आठवीचा वर्ग पाच मिनिटं गप्प, हा आमच्या शाळेतला विक्रम असावा. कुणी म्हणालं ऐकू आला, कुणी शेजारच्याचं बघून हो म्हणालं, एकाला झोप लागली. ती मुलगी काहीच बोलली नाही.

तास संपल्यावर मी तानपुऱ्याला खोळ घालत होते, तर ती मागे रेंगाळलेली. म्हणाली, "मॅम, ये वाला?" आणि हळूच गुणगुणली. दोन सप्तकं खाली आणलेला, पण तोच गंधार. आधाराला पेटी नाही, काही नाही. मला एकदम चाचांची मान आठवली.

खोळ पुन्हा काढली. तानपुरा उतरवत गेले आणि तिला सा लावायला सांगत गेले. आमची प्रार्थना काळी चारमध्ये असते. हिचा आवाज काळी एकच्या आसपास आला आणि उघडला. भरदार, गोल, कुठे फाटणं नाही की काही नाही. गळ्यात खोट नव्हतीच, पट्टी दुसऱ्याची होती.

त्या रात्री मी तिच्या आईच्या मोबाईलवर गंगूबाई हनगलांचं गाणं पाठवलं. गंगूबाईंचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर बदलला, खोल आणि जाडा झाला. इतका, की न बघता ऐकणाऱ्याला पुरुष गातोय असं वाटावं. त्याच आवाजावर त्या आयुष्यभर गायल्या. त्यांचे गुरू सवाई गंधर्व हे अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. हुबळीहून कुंदगोळला आगगाडीने जाऊन त्या शिकायच्या. दुसऱ्या दिवशी मुलीने विचारलं, "मॅम, ये सच में लेडी हैं?" मी हो म्हटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

आता अडचण ऐका. प्रार्थनेची पट्टी उतरवावी म्हणून मी शब्द टाकला. उत्तर आलं की पेटी वाजवणाऱ्या नववीतल्या मुलाला त्या एकाच पट्टीत वाजवता येतं. तेही खोटं नाही, बिचारा मधल्या सुट्टीत शिकलाय. शिवाय पट्टी फार खाली आणली तर पाचवी-सहावीच्या बारीक आवाजांची पंचाईत, हेही खरं. मग तडजोड झाली: बुधवारी पेटी नाही. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप, स्पीकरला जोडून, पट्टी काळी दोन. सगळ्यांनाच थोडी गैरसोयीची.

तीन बुधवार झाले. पहिल्या बुधवारी ती गायली नाही. दुसऱ्या बुधवारी पावसामुळे प्रार्थना वर्गातच झाली. गेल्या बुधवारी मी मुद्दाम तिच्या मागे जाऊन उभी राहिले. दुसऱ्या कडव्यापर्यंत ओठच हलत होते. तिसऱ्या कडव्याला शेजारच्या मुलीने चमकून तिच्याकडे पाहिलं.