नाव सोनुबाईचे

पुष्कळ दिवसांनी म्युच्युअल फंडाचा खातेउतारा उघडून पाहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनी परवा आम्हांस विचारले, "ही योजना मी कधी घेतली?" योजना जुनीच होती, पालटले होते ते नाव. निवृत्तीच्या रकमेतला काही भाग त्यांनी मुद्दाम 'ई.एस.जी.' म्हणविणाऱ्या योजनेत ठेवला होता. पर्यावरण, समाज आणि कारभार या तिन्ही बाबतींत ज्यांची वागणूक बरी, अशाच कंपन्यांना आपला पैसा मिळावा, ही त्यामागील भावना. आता त्या नावात 'इंटिग्रेशन स्ट्रॅटेजी' हे दोन शब्द येऊन बसले होते.

ते आले 'सेबी'च्या २० जुलै २०२३ च्या परिपत्रकामुळे. तोवर 'ई.एस.जी.' या तीन अक्षरांचा अर्थ जो तो फंड बहुतांशी आपापल्या परीने लावी. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा संशय येण्यास भरपूर जागा होती. परिपत्रकाने सहा धोरणे ठरवून दिली. योजनेने त्यांतील एक निवडून ते नावातच सांगावे, असे बंधन घातले. निदान ८० टक्के रक्कम त्या धोरणानुसार गुंतवावयाची; उरलेलीही त्याच्याशी विसंगत नसावी. स्टेट बँकेच्या फंडाची १९९१ सालची आणि २०१८ मध्ये ई.एस.जी. झालेली 'मॅग्नम इक्विटी' अशा रीतीने 'एक्स्क्लुजनरी स्ट्रॅटेजी' झाली. 'क्वांटम'ने 'बेस्ट इन क्लास' पत्करले.

आमच्या मते खरी मेख येथेच आहे. 'एक्स्क्लुजन' म्हणजे काही धंदे, उदाहरणार्थ तंबाखूचा, मुळातच वर्ज्य. 'बेस्ट इन क्लास'मध्ये धंदा वर्ज्य नसतो. सिमेंटच्या कारखान्यांत ज्याची वागणूक इतरांहून उजवी, तो निवडावयाचा. (धूर थोडा कमी असला तरी तो धूरच, हे आलेच.) 'इंटिग्रेशन'मध्ये तर नफातोट्याच्या नेहमीच्या गणितात या तीन बाबीही धरावयाच्या, इतकेच. तेव्हा स्नेह्यांच्या यादीत खनिज तेलाची कंपनी निघाली, यात नियमभंग काहीच नव्हता. त्यांच्या मनात होते वर्ज्य, पदरी पडले होते मिश्रण; आणि जुन्या नावावरून हे कळण्यास मार्ग नव्हता.

युरोपीय संघातही नावांवर अशीच टाच आली. जुन्या फंडांना २१ मे २०२५ पर्यंत मुदत होती. तेथे अनेकांनी गुंतवणूक बदलण्याऐवजी नावातला तो गोड शब्दच गाळून टाकला. आम्हांस हे अधिक प्रामाणिकपणाचे वाटते.

आपल्याकडचा दुसरा नियम अधिक दूरगामी आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा योजनांनी निदान ६५ टक्के रक्कम, ज्यांच्या 'बी.आर.एस.आर. कोअर' या हिशेबाची त्रयस्थाकडून तपासणी झाली आहे, अशा कंपन्यांतच ठेवावी, असे ठरले. पाणी, वीज, कचरा, कामगारांची सुरक्षितता, स्त्रियांना मिळणारे वेतन, असा हा हिशेब. आपली पाठ आपणच थोपटून घेण्यास त्यामुळे आळा बसतो. मात्र ही तपासणी २०२३-२४ मध्ये प्रथम बाजारमूल्याने पहिल्या १५० कंपन्यांना लागू झाली, पुढे टप्प्याटप्प्याने इतरांना. साहजिकच फंडांचा कल मोठ्यांकडे राहणार. सांडपाणी चोख शुद्ध करणाऱ्या एखाद्या लहान कंपनीपर्यंत हा पैसा पोहोचणे कठीणच.

दरमहाच्या यादीत आता प्रत्येक कंपनीचे गुणांकन आणि ते देणाऱ्या संस्थेचे नाव छापले जाते. भागधारकांच्या सभेत फंडाने कोणत्या बाजूस मत दिले आणि का, हेही सांगावे लागते. स्नेह्यांनी ती यादी दोनदा वाचली. पैसे काढून 'वर्ज्य'वाल्या योजनेत न्यावेत, तर वर्षभरातील सव्वा लाखांवरच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर, हा जुलै २०२४ पासूनचा दर. तूर्त त्यांनी जुनी रक्कम तेथेच ठेवली आहे. दरमहाचा नवा हप्ता मात्र दुसरीकडे वळविला आहे.